बदली सरांचा राजीनामा

“मग त्यांना पाहिजे तरी काय, सर?”

प्रमोद मोरबाळेनं हे चौथ्यांदा विचारलं. हत्तरकी सरांनी आणखी एक हरभऱ्याचा घाटा फोडला, दाणे ताटात टाकले आणि टरफल बाजूला ठेवलं.

रविवारची दुपार होती. सर अंगणात पोत्यावर बसले होते आणि पुढ्यात ओल्या हरभऱ्याचा ढीग होता. हिरण्यकेशीच्या काठच्या त्या गावात निम्म्या लोकांना भूमिती त्यांनीच शिकवली होती, प्रमोदलाही. हायस्कुलात प्रमोदसाठी शब्द टाकला होता तोही त्यांनीच.

“बस की आधी,” सर म्हणाले.

“बसायला नाही आलो.”

असं म्हणून तो बसला.

जूनमध्ये हेडसर म्हणाले होते, दोन महिने सांभाळा. गणिताच्या इंगवले बाईंच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. मग गणपती झाले, दिवाळी झाली, बाईंची रजा वाढतच गेली. जानेवारी उजाडला तरी प्रमोद मोरबाळे, एम. एस्सी. गणित, विद्यापीठात दुसरा, हा ‘बदली सर’च राहिला. वेळापत्रकावर नाव बाईंचं. स्टाफरूममधल्या त्या खुर्चीत तो बसला की शिपाईसुद्धा सांगायचा, बाईंची हाय ती.

तेही त्यानं गिळलं असतं. पण शनिवारी दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासून झाले. वर्गात त्रेचाळीस पोरं. गणितात सव्वीस नापास.

“पोर्शन मी नोव्हेंबरातच संपवला, सर. पुस्तकातलं एक गणित सोडलं नाही. पोरगं अडलं रे अडलं, की मी फळ्यावर हजर. अडूच दिलं नाही कुणाला!”

“हं.”

“आणि पेपरात? गणित तेच, नुसते आकडे बदललेले. तर कोरी पानं! विचारलं तर काय म्हणतात माहिताय? सर, तुम्ही करता तेव्हा सगळं समजतंय.”

सरांच्या मिशीत काहीतरी हललं.

“हसू नका, सर.”

“नाही हसत.”

“आणि पाहिजेत कोण? तर इंगवले बाई! बाई गणित घालायच्या आणि खिडकीत जाऊन उभ्या राहायच्या म्हणे. पंधरा-पंधरा मिनिटं! रस्ता बघत! ह्याला काय शिकवणं म्हणायचं? दोन गणितांत तास संपायचा त्यांचा. मी तासाला अकरा करतो.”

“अकरा...” सर म्हणाले. “दमत असशील.”

ही कीव होती की टोमणा, प्रमोदला कळेना. सरांचं बोलणं त्याला शाळेत असतानाही कळत नसे, आणि तेव्हाही त्याला असाच राग यायचा.

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि सरांच्या पुढ्यात ठेवला.

“राजीनामा आहे. उद्या हेडसरांच्या टेबलावर ठेवतो. तुमच्या शब्दावर लागलो होतो, म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय देत नाही. हो म्हणा, म्हणजे मी सुटलो.”

“बोर्डाला किती राहिलं?”

“पाच आठवडे.”

“तुझ्यामागं कोण घेणार तास?”

“पीटीचे सर घेतील म्हणतात.”

“त्यांना येतं गणित?”

“मला काय त्याचं?” प्रमोदचा आवाज चढला. “मी बदलीवरचा माणूस! वर्ग बाईंचा, पोरं बाईंची, खुर्ची बाईंची. नापास तेवढी माझी होय?”

बोलून गेला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. लाज वाटली म्हणून तो आणखी चिडला.

सरांनी कागद उचलला. वाचला नाही. पालथा करून ताटाच्या कडेला ठेवला, कानामागची पेन्सिल काढली आणि कोऱ्या बाजूवर एक त्रिकोण काढला. समद्विभुज, वरचा कोन वीस अंशांचा. पायाच्या दोन्ही टोकांतून समोरच्या बाजूंवर एकेक रेषा नेली, चार ठिकाणी मापं लिहिली आणि आत एका कोपऱ्यात प्रश्नचिन्ह काढलं.

“ह्या कोनाचं माप काढ. सुटलं की जा. माझी ना नाही.”

प्रमोदनं आकृतीकडं बघितलं आणि त्याला खरंच हसू आलं. विद्यापीठात दुसऱ्या आलेल्या माणसाला त्रिकोण!

“दोन मिनिटांत देतो.”

त्यानं पेन्सिल घेतली आणि साइनचा नियम लिहायला घेतला.

“ते नको,” सर म्हणाले. “दहावीच्या पोराजवळ जेवढं असतं, तेवढ्यावर.”

“ठीक आहे.”

दोन मिनिटं झाली. दहा झाली. त्यानं आकृतीतला एकेक कोन काढला. सगळे निघाले, हवा होता तेवढा एक निघेना. दोन समीकरणं मांडली, तर दोन्ही एकच निघाली. त्यानं खोडलं, बाजूला दुसरी आकृती काढली, तीही खोडली. राजीनाम्याची मागची बाजू काळी होत चालली.

“सर, माहिती अपुरी आहे ह्यात.”

“पुरेशी आहे.”

“मग काहीतरी सुचवा की!”

“मला येत असतं तर सुचवलं असतं.”

प्रमोदनं मान वर केली.

“म्हणजे?”

“नऊ दिवस झाले. नात आली होती, ती घालून गेली. अडलंय.”

चाळीस वर्षं भूमिती शिकवलेला माणूस हे सांगत होता आणि निवांतपणे हरभरा सोलत होता. प्रमोदनं त्यांच्या चेहऱ्याकडं निरखून बघितलं. चेष्टा होती का? काही पत्ता लागेना.

तो पुन्हा कागदावर वाकला. आता त्याला खुन्नस चढली होती. थोड्या वेळानं पोत्याचं टोक टोचतंय म्हणून तो खाली फरशीवरच बसला. सरांच्या सूनबाई चहा ठेवून गेल्या, चहावर साय धरली. ऊन अंगणातून सरकून भिंतीवर चढलं. त्रेचाळीस पोरं, सव्वीस नापास, बाई, हेडसर, खुर्ची... कुणीच त्याच्या डोक्यात राहिलं नाही. राहिला तो एक कोपरा आणि त्यातलं प्रश्नचिन्ह.

मध्ये एकदा तो वैतागून म्हणाला, “हे सुटणारच नाही!”

सरांनी पुढचा घाटा उचलला.

“माझंच चुकतंय कुठंतरी...”

नुसते घाटे फुटल्याचे आवाज येत होते. माणूस समोर धडपडतोय आणि हे ढिम्म बसलेत, ह्याचा प्रमोदला भयंकर संताप आला. संतापाच्या भरातच त्यानं पायाच्या डाव्या टोकापासून एक रेषा ओढली. आकृतीत नसलेली, कुणी न सांगितलेली.

तो थबकला.

पेन्सिलीचं टोक एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर गेलं. ह्या दोन सारख्या. म्हणजे ह्याही सारख्या. म्हणजे हा कोन...

“सुटलं!” तो एवढ्यानं ओरडला की सूनबाई दारात येऊन बघून गेल्या. “सर, सुटलं! एवढं सोपं! एवढा वेळ डोळ्यांपुढं होतं हो! हे बघा, इथून एक रेषा...”

त्यानं कागद सरांकडं फिरवला आणि त्या रेषेवर पेन्सिल टेकवणार, तोच सरांचा हात पुढं आला. हरभऱ्याच्या आंबट रसानं चिकट झालेला तो पंजा अख्ख्या आकृतीवर पडला.

“नको.”

“अहो सर, एकच रेषा आहे! नुसती बघितलीत तरी...”

“म्हणूनच नको.”

“तुम्हीच म्हणालात ना, सुटलं की जा? सुटलं माझं. आता बघायला नको तुम्ही?”

“बघितलं तर माझं गेलं.”

“आणि नाही बघितलं, तर माझं बरोबर आहे हे तुम्हाला कळणार कसं?”

“नाही कळणार,” सरांनी शांतपणे मान्य केलं.

प्रमोदनं कपाळाला हात लावला. सांगायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. एक वाक्य, फार तर दीड. नऊ दिवस अडलेल्या म्हाताऱ्याला अर्ध्या मिनिटात मोकळं करता आलं असतं, आणि म्हातारा ऐकायला तयार नव्हता.

सरांनी कागदाकडं न बघता तो उलटा केला, आकृतीची बाजू खाली घातली आणि वर हरभऱ्याचं ताट ठेवलं.

“अहो, मग माझ्या राजीनाम्याचं काय?”

सरांनी ढिगातून एक घाटा घेतला, दोन बोटांत धरला... आणि तो न फोडताच प्रमोदकडं बघितलं.

“माझं सुटू दे. तोवर थांब.”