चौथी टकटक

माणसाने कुऱ्हाड घडवली त्याच्याही आधी एका आंब्याच्या खोडात किडा शिरला आणि पोखरत गाभ्याकडे निघाला. म्हाताऱ्या सुतारपक्ष्याची चोच झिजलेली, म्हणून त्याची लेक आली.

"आजवर किती झाडं वाचवलीस?" आंब्याने विचारलं.

"एकही नाही. बाबांच्या शेजारी बसून पुष्कळ पाहिली."

आंब्याचा मोहोर गळू लागला. "आणि चुकलीस तर?"

"भलतीकडे भोक पडेल. किडा आणखी आत जाईल."

किडा नेमका कुठे आहे ते ऐकायला तिने तीनदा टकटक केली, पण भोक पाडेना.

"घाबरलीस?"

"हो. म्हणून तर तीनदा ऐकलं."

आंबा एकेक पान स्थिर करत म्हणाला, "चौथ्यांदा ऐक. मी हलत नाही."