काळे तळवे

एक होता राजा. नाव हंबीर, वय सोळा. मिशी अजून फुटायची होती, पण कमरेची तलवार कधी उतरायची नाही.

त्याला एक थोरला भाऊ होता, विठोजी. आणि धाकटी बहीण, येसू. आईबाप कधीच गेलेले. आधी राजा होता विठोजी. मग त्याला ताप आला. वीस दिवस बिचारा तळमळला. एकविसाव्या संध्याकाळी शांत झोपला आणि सकाळी उठलाच नाही.

हंबीरनं त्याला हलवलं. हाका मारल्या. पांघरूण ओढलं, तेव्हा भावाचे तळवे दिसले. काळे. शाई फासल्यासारखे काळे. हंबीर कुणाला काही बोलला नाही, पण मनात धरून बसला. रात्री कुणीतरी आलं. झोपेत गाठलं. नाहीतर तळवे काळे कसे?

ते तळवे लक्षात ठेवा, बरं का.

मग हंबीर राजा झाला. पहिला हुकूम काय काढला असेल? राजवाड्यात कुणी झोपायचं नाही! गाद्या कोठारात टाका. पाळण्यांच्या दोऱ्या कापा. अंगाई म्हणेल त्याला हद्दपार करा. आणि जांभई दिली की थेट कोठडी. शिपायांना जांभई आली की ते पागोट्याचं टोक तोंडात कोंबायचे. हसू नका. तुम्हीही कोंबलं असतं.

येसू पाच वर्षांची. तिला कसला हुकूम? दिवे लागले की तिची मान कलायची. राजा तिच्या तोंडावर पाणी मारायचा. ती रडायची, की याला बरं वाटायचं. रडते म्हणजे जागी आहे.

एकदा काय झालं, दारात एक सौदागर आला. त्याच्याकडे तळहाताएवढी काच होती. काचेत आतून उजेड, आणि उजेडात चित्रं हलायची. हत्ती न्हायचे, माकडं भांडायची. एक संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं.

"महाराज, ही हातात असली की पोर झोपायची नाही," सौदागर म्हणाला.

राजाचा सगळ्यांवर संशय. आचाऱ्यावर, वैद्यावर, भिंतीवरच्या सावलीवर. पण त्या काचेवर आला नाही. त्यानं ती शेल्यानं पुसली आणि स्वतः येसूच्या हातात दिली.

मग येसू झोपेना. पहिले काही दिवस हसली. मग हसायची थांबली. मग जेवायची थांबली. डोळे लाल झाले. नवव्या दिवशी राजा जवळ गेला तर म्हणते, "काका, तुम्ही कोण?"

वैद्य म्हणाला, "आणखी चार रात्री अशा गेल्या, तर पोर हाती लागायची नाही."

राजानं वैद्याला कोठडीत टाकलं. मग कोठडीच्या दाराशी बसून रडला. मग त्याला बाहेर काढलं. असा होता तो. आधी करायचा, मग रडायचा.

मग दवंडी पिटली. येसूला बरं करील त्यानं यावं, मात्र राजा शेजारी तलवार घेऊन बसेल. तलवार ऐकून कोण येणार? आली एकटी म्हातारी गोदाक्का कासारीण. बांगड्या आणि काशाची भांडी विकायची ती. डोक्यावर टोपली, तोंडात पान.

पहिल्या संध्याकाळी तिनं कापूस काढला. "चल येसू, देवाला वाती वळू. बोटाला चिमूटभर राख लाव."

"थांब! राखेत काय आहे?" राजा ओरडला.

"चूल," गोदाक्का म्हणाली.

राजानं आधी स्वतः पाच वाती वळून बघितल्या. काही झालं नाही. मग येसूनं वळल्या. एक जाड, एक वाकडी, एक बरी. वळता वळता काच मांडीवरून खाली गेली आणि जरा मंद झाली. पण शेवटची वात होताच येसूनं ती पुन्हा उचलली. झोप नाही ती नाहीच.

दुसऱ्या संध्याकाळी गोदाक्कानं जाईच्या कळ्या आणल्या. राजानं परडी उलटी केली. साप? विंचू? मग एकेक कळी नाकाशी धरून हुंगली. शंभरेक हुंगल्या असतील. आणि मग त्याला आली जांभई. ही एवढी मोठी!

शिपाई पुढे आला. "महाराज, कोठडीत कोण जायचं?"

"ती जांभई नव्हती," राजा म्हणाला. "मी ओरडणार होतो."

येसूनं गजरा ओवला. ओवता ओवता कळ्या उमलल्या. काच आणखी मंद झाली. पण डोळा लागला नाही.

मग आली तिसरी संध्याकाळ. गोदाक्कानं येसूचा पाय मांडीवर घेतला. तळव्याला तूप लावलं आणि काशाची वाटी गोल गोल फिरवायला लागली. हळू. अगदी हळू. येसूच्या पापण्या जड झाल्या. राजा वाकून बघतोय. बघतो तर काय, येसूचा तळवा काळा!

राजानं तलवार उपसली. "तूच! थोरल्याच्या पायालाही तूच हात लावलास!"

"हो," गोदाक्का म्हणाली. "मीच."

सगळे थिजले. वाटी मात्र फिरतच होती.

"वीस दिवस झोप नव्हती त्याला. त्यानंच मला बोलावलं. म्हणाला, गोदाक्का, एकदा तरी सुखानं डोळा लागू दे. ताप त्याला नेणारच होता, लेकरा. माझ्या वाटीनं तो थांबला नाही. पण झोप मागितली होती ना त्यानं, ती मी दिली."

"खोटं! ते विष होतं!"

गोदाक्कानं आपला सुरकुतलेला पाय पुढे घेतला. तूप लावलं, वाटी घासली. पाय काळा झाला. मग म्हणाली, "आता तुझा आण."

राजानं एका हातात तलवार धरली आणि पाय पुढे केला. वाटी फिरली. त्याचा तळवा सगळ्यात काळा निघाला.

"मेलास का?" गोदाक्कानं विचारलं.

"नाही."

"काशावर तूप घासलं की काळं होतंच. अंगातली आग निघते, म्हणतात आमच्यात. तुझ्यात फार साठली होती."

तलवार खाली पडली. राजा रडला, मोठ्यानं, लहान पोरासारखा. मग त्यानं नाक पुसलं, वाटी घेतली आणि येसूचा दुसरा पाय स्वतः घासायला बसला.

"दादा, गुदगुल्या होतात," येसू म्हणाली. दादा म्हणाली, बरं का! आणि झोपली.

काच तिच्या हातातून घरंगळली. बघायला कुणी नाही. मग ती विझली आणि टचकन तडकली. आतून काय निघालं? पांढरी पांढरी पिसं, कापसासारखी. तिनं गिळलेली येसूची झोप होती ती. इतक्या दिवसांची, एका पोरीला जास्तच. उरलेली पिसं शिपायांच्या पापण्यांवर बसली. सगळे भिंतीला टेकून घोरायला लागले.

राजा मात्र जागा. अजून थोडा संशय होताच. येसूच्या नाकापुढे बोट धरून बसला. श्वास येतोय, जातोय. येतोय, जातोय.

मग उजाडलं. राजानं भीत भीत हाक मारली, "येसू?"

"ओ," येसू म्हणाली. "दादा, भूक लागली. आणि तुझे पाय किती घाण!"

राजा हसला. मग गाद्या बाहेर आल्या. पाळण्यांना नव्या दोऱ्या लागल्या. येसू दोन वाट्या भात जेवली. आणि राजा त्या मऊ गादीवर दोन दिवस झोपला. मग सगळे सुखानं राहिले, रोज संध्याकाळी वाती वळत, गजरे ओवत.

आता तुमचेही पाय आणा इकडे. काळे झाले तर घाबरायचं नाही. डोळे मिटा. सकाळी मी हाक मारीन. ओ द्यायची, बरं का.