लव्हाळ्याची कंठी

त्या सरोवराच्या राज्यात कोणीही कोणाचा गुलाम नव्हता. तसा कायदाच होता, आणि तो पणजोबांच्या काळी झालेला असल्यामुळे सर्वांना त्याचा फार अभिमान होता. पूर्वी पाणकावळ्यांच्या पायाला दोर बांधून त्यांच्याकडून मासे काढून घेत असत. त्या कायद्याने दोर बंद झाला. दरवर्षी त्या दिवशी किनाऱ्यावर भाषणे होत. आता पाणकावळ्यांच्या पायांत काहीही नसे. त्यांच्या गळ्यात फक्त लव्हाळ्याची एक कंठी असे.

कंठ्या बांधण्याचे काम मुकादम बगळ्याकडे होते. दूरची तळी आटली की तो तिकडे जाई आणि उपाशी पाणकावळ्यांना सांगे, "मोठ्या पाण्यावर चला, पोटभर खा. ही कंठी म्हणजे नुसती कामाची खूण." गाठ मात्र तो अशी बसवी की काडीएवढी मासळी गळ्याखाली उतरावी आणि त्याहून मोठी अडकून राहावी. पाणकावळ्याने बुडी मारायची, मासा धरायचा, तो गिळता येत नाही म्हणून चोचीत घेऊन किनाऱ्यावर यायचे आणि मुकादमापुढे टाकायचा. पक्ष्याची चोच स्वतःच्या गळ्याला पोचत नाही, त्यामुळे गाठ स्वतः सोडवण्याची सोय नव्हती. उडून जायला कोणाची मनाई नव्हती. पण कुठेही गेले तरी गळा तोच बरोबर जाणार होता.

त्याच किनाऱ्याच्या खडकाळ टोकाला भागू नावाची टिटवी राहत असे. टिटवी ओरडली की अपशकुन होतो अशी तिथे समजूत होती आणि भागू तर दिवसभर ओरडत असे, म्हणून तिच्या शेजारी कोणी घरटे बांधत नसे. तिला जीव लावणारी एकच होती, डुबकी. ही पाणकावळ्याची पोर. तिची आई वारली तेव्हा भागूने तिला आपल्या पिलांबरोबर वाढवले होते. आणि गेल्या दुष्काळात मुकादमाच्या गोड बोलण्याला भुलून भागूनेच तिला कामाला पाठवले होते. "जा, चार दिवस पोटभर खा," असे स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. ते शब्द आठवले की भागूला स्वतःची चोच दगडावर आपटावीशी वाटे.

आठ महिने पलीकडच्या काठावर काम करून डुबकी परत दिसली, तेव्हा भागूने तिला आधी ओळखलेच नाही. पोर वाढली होती, मान वाढली होती, कंठी मात्र होती तेवढीच होती. तिच्याखालची पिसे झिजून तिथे गुलाबी कातडी उघडी पडली होती. आता काडीएवढी मासळी उतरायलाही तिला तीनतीनदा मान झटकावी लागे.

"मावशी, पाणी पिताना पण अडकतं गं," डुबकी म्हणाली.

भागूने त्याच क्षणी नांग्या खेकड्याला बोलावून कंठी कापून टाकली. दुपारपर्यंत मुकादमाने नवी बांधली, ती आणखी आवळून. भागू त्याच्या अंगावर धावून गेली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "भागूबाई, कंठी बांधू नये असं कायद्यात कुठं लिहिलंय, ते दाखवा. आज एक कापाल, उद्या मी दोन बांधीन."

मग कायद्यातच लिहून घेऊ, असे भागूने ठरवले. इथून तिच्या डोक्याला जो ताप सुरू झाला त्याला तोड नाही.

राज्याचे कायदे नऊ जणांची सभा करी. सभेत करकोचे होते, बगळे होते, चोचीखाली पिशवी असलेला एक झोळीवाला होता, आणि सर्वांत वयोवृद्ध करकोचा, ज्याला सारे दादासाहेब म्हणत, तो अध्यक्ष होता. कामकाज एका पायावर उभे राहून चाले. नवांपैकी एकाने जरी दुसरा पाय खाली टेकला तरी त्या दिवसाची सभा संपली असे मानत. सभेपुढे अर्ज द्यायचा तो ओल्या चिखलाच्या थापीवर. ज्यांचे ज्यांचे म्हणणे असेल त्यांनी त्या थापीवर आपले पाऊल उमटवायचे.

भागूने बदके, पाणकोंबड्या, धोबी पक्षी, तुतारी पक्षी अशा दोनशे बारा नागरिकांची पावले गोळा केली. "या बाईची कटकट एकदाची संपू दे," म्हणूनही काहींनी पाऊल दिले. थापी कमळाच्या पानावर घालून सभेच्या बेटावर नेली. पहिल्या दिवशी झोळीवाल्याचा पाय टेकला. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही त्याचाच. चौथ्या दिवशी अर्ज पुढे आला तेव्हा दादासाहेबांनी तो चोचीने टकटक वाजवून पाहिला.

"हा वाळलाय," ते म्हणाले. "नागरिकांचं मत ओलं असावं लागतं. हे शिळं झालं."

भागूने पुन्हा दोनशे पावले जमवली आणि या खेपेला वाट पाहताना चार दिवस थापीवर पाणी शिंपडत राहिली. अर्ज ओला राहिला, पण पावले विरघळून गेली. "यावर कोणाचंच मत दिसत नाही," दादासाहेब म्हणाले. भागूने कपाळावर पंख मारून घेतला. तिसऱ्या खेपेस तिने दोनशे नागरिकांनाच बेटावर नेले आणि सभेच्या दारातल्या चिखलात उभे केले. "घ्या, ताजी पावलं! अजून खाली पायसुद्धा आहेत!" ती ओरडली. तेव्हा कुठे विषय निघाला.

"गुलामगिरी?" एक सदस्य आश्चर्याने म्हणाला. "ती तर बंद झाली. पायातला दोर दाखवा."

"दोर नाही, गळ्यात कंठी आहे!"

"कंठी हा दागिना झाला," दुसरा म्हणाला.

बरीच चर्चा झाल्यावर कंठी आणि फास यांतला फरक शोधण्यासाठी तिघांची समिती नेमली गेली. समितीने दीड महिना घेतला. त्या दीड महिन्यात डुबकीची मान कोणासाठी थांबली नाही. भागू रोज बेटावर जाऊन विचारी आणि तिला रोज सांगण्यात येई की काम प्रगतीवर आहे. इतके चऱ्हाट वळले असते तर एव्हाना सरोवराला वेढा बसला असता, असे ती परतताना मोठ्याने म्हणे.

आता जी चूक झाली ती भल्या मनाच्या लोकांनीच करावी अशी होती. बदकांमध्ये विमला नावाची एक सालस बदकीण होती. तिचे म्हणणे पडले की भागूच्या ओरडण्याने सदस्य बिचकतात. त्यांना प्रेमाने जेवायला बोलवावे, चार गोष्टी आपुलकीने बोलाव्या, म्हणजे त्यांची मने वळतील. सर्वांना ते पटले. नऊ मोठ्या सदस्यांना पुरतील एवढे मासे कोठून आणायचे, याचा फारसा विचार कोणी केला नाही. मासे मिळण्याची जागा एकच होती आणि तिथे मागणी नोंदवली गेली.

पंगत बसली. पाने मांडली गेली. आणि ताजा मासा चोचीत धरून, पाणी निथळत, डुबकी पंगतीत आली. सकाळपासून तिच्या तीस बुड्या झाल्या होत्या. तिने मासा दादासाहेबांच्या पानावर ठेवला आणि पुढचा आणायला वळली.

भागू विमलेकडे वळली.

"अगं बये, कुणाच्या गळ्यातून काढून कुणाला जेवू घालतेस?"

विमला रडू लागली. "माझ्या लक्षातच आलं नाही, भागूताई. खरंच नाही आलं."

आणि ते खरे होते, म्हणून भागूला तिच्यावर धड चिडताही येईना. सदस्य पोटभर जेवले. प्रश्न गंभीर असल्याचे सर्वांनी मान्य केले. दादासाहेबांनी आणखी एक मासा मागून घेतला.

पंगतीमुळे असो वा भागूच्या ओरडण्याला कंटाळून असो, अखेर कायदा झाला. दवंडी पिटण्यात आली: "यापुढे या राज्यात कोणीही दुसऱ्याच्या गळ्याला चोच, नखी अथवा नांगी लावू नये." किनाऱ्यावर आनंदीआनंद झाला. बदके पाण्यात गोल फिरली. विमलेने भागूच्या गळ्यात पडायला पंख पसरले, मग कायदा आठवून नुसतीच लांबून हसली. भागू मात्र थांबली नाही. नांग्याला पाठीवर घेऊन ती थेट डुबकीकडे धावली.

डुबकी वाळूत मान लांब करून पडली होती. दोन दिवस तिच्या पोटात पाण्याशिवाय काही गेले नव्हते. शेजारी नवा पहारेकरी म्हणून एक खंड्या बसला होता.

"थांबा," खंड्या म्हणाला. "गळ्याला नांगी लावता येणार नाही. कायदा आहे."

"अरे, तो कायदा मीच करवून घेतलाय!"

"मग तर तुम्हाला माहीत असायलाच हवा."

"आणि ही आधीची कंठी? ती कुणी सोडायची?"

"जिची तिनं सोडावी," खंड्या म्हणाला. मुकादम तिथेच उभा होता. त्याने दुःखाने मान हलवली. "मी आजच सोडणार होतो हो, भागूबाई. पण आता मला तिच्या गळ्याला चोचच लावता येत नाही. तुम्हीच माझी चोच बांधलीत."

भागूला वाटले, या सगळ्यांना एकेक करून पाण्यात बुडवावे. गेल्या सहा महिन्यांतली सारी पावले, सारे चिखल, सारे "उद्या या" तिच्या चोचीपर्यंत आले. ती ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्या मनात मुकादमाचे वाक्य फिरून आले. चोच लावता येत नाही. म्हणजे कापली, तर पुन्हा बांधता येत नाही.

"नांग्या," ती हळू आवाजात म्हणाली, "काप."

"कायदा, भागूबाई?"

"मोड."

नांगी मिटल्याचा आवाज झाला आणि कंठी वाळूत पडली. खंड्याने शिट्टी घातली. घटकाभरात भागू आणि नांग्या, नव्या कायद्याचे पहिले गुन्हेगार म्हणून, सभेपुढे उभे होते. डुबकीलाही पुरावा म्हणून आणले होते. अर्जाला जे चार दिवस लागत ते या कामाला लागले नाहीत. नऊच्या नऊ सदस्य हजर होते आणि कोणाचाही पाय टेकला नव्हता.

"गळ्याला इजा झाली की काय, ते आधी पाहिलं पाहिजे," दादासाहेब म्हणाले. "इजा झाली असेल तर शिक्षा दुप्पट. एक मोठा मासा आणा. हिनं गिळून दाखवावा."

मासा आला. चांगला वीतभर लांब, चमकणारा, शेपटी आपटणारा. डुबकीने तो चोचीत धरला. मग तिने सवयीने इकडेतिकडे पाहिले, बेटाच्या कडेला मुकादम दिसला तशी त्याच्याकडे दोन पावले चालत गेली आणि मासा खाली ठेवण्यासाठी मान वाकवली. मुकादमाची चोच किंचित उघडली.

"डुबके!" भागू ओरडली. सबंध बेट दचकले. "ठेवू नको! तुझा आहे तो. गिळ, पोरी!"

डुबकी थबकली. तिने मान वर केली, मासा उलटा केला, डोक्याकडून आत घेतला आणि डोळे मिटले. माशाचा फुगवटा तिच्या लांब मानेतून हळूहळू खाली सरकू लागला. पिसे झिजलेल्या त्या गुलाबी पट्ट्यापाशी येऊन तो अडला. मग कातडी ताणली गेली, फुगवटा पट्ट्याच्या पलीकडे गेला आणि छातीत दिसेनासा झाला.

नऊही सदस्य एकटक तिकडे पाहत होते, आणि डुबकीच्या मानेतून मासा उतरत होता तेव्हा त्या नऊही लांब गळ्यांतून एकेक रिकामा घोट वरून खाली उतरत गेला.