कपाटामागचा छोटा रेडिओ

फार वर्षांपूर्वी एका दुकानात शिसवी रेडिओ होता. संध्याकाळी बातम्या ऐकायला अख्खी आळी त्याच्याभोवती जमायची. एकदा त्याच्याच कारखान्यातून खिशात मावेल एवढा छोटा रेडिओ दुकानात आला.

"तू कपाटामागेच थांब, बाळा," शिसवी रेडिओ म्हणाला. "लोक तुला खिशात घालून निघाले, तर माझ्याजवळ कोण बसेल?"

छोटा कपाटामागे जाऊन बसला.

पुढे समोरच्या दुकानात तसेच छोटे रेडिओ आले. आळीतली सारजाबाई तर त्यातला एक कमरेला खोचून मळ्यात जाऊ लागली. हळूहळू आळी पांगली.

समोरचा रिकामा बाक बघून शिसवी रेडिओने छोट्याला हाक मारली. "ये रे बाहेर! आता तूच बोल."

"बोललो असतो, आजोबा," छोटा हळूच म्हणाला, "पण इथं पडून पडून माझे सेल गळून गेले."