ठकूच्या सड्यावरची घंटा

अभयारण्यातून ठकूच्या सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर, चढणारी वाट आमच्या धनगरवाड्यातून जाते. वाड्यातल्या एकाही म्हशीच्या गळ्यात घंटा नाही. ट्रेकवाले पाठीवर बोचकी घेऊन येतात, गवे कुठं दिसतील विचारतात. म्हशी मुक्या का, हे एकजणही विचारत नाही. मग न विचारताच सांगावं लागतं. मोबाईल खिशात घाला आणि ऐका.

फार मागं इथं बमू धनगर आणि त्याची बायको ठकू राहायची. पोर अंगावर पिणारं, आणि ठकूचं दूध आटलं. तशात म्हशीचं रेडकू मेलं. म्हस पान्हा सोडेना. बमूनं झुडपांच्या जाळीत निजलेलं गव्याचं वासरू उचलून आणलं, त्याच्यावर मेल्या रेडकाचं कातडं पांघरलं. म्हस चाटायला लागली, दूध आलं. वासरू हरवू नये म्हणून बमूनं त्याच्या गळ्यात वादीनं घंटा बांधली.

तेव्हापासून दिवस कलला की वासराची आई कुंपणाशी येऊन उभी राहायची. शिंग उगारलं नाही, हंबरली नाही. नुसती उभी. कासेतलं दूध मातीत गळायचं, म्हणे. ठकूनं तिच्यापुढं पदर पसरला. "बाई, उसनं घेतलंय. माझं पोर पेज खाया लागलं की तुझं तुला देईन."

पोर पेज खाऊ लागलं. ठकू म्हणाली, "अवो, सोडूया आता त्याला."

"आन दूध कोण, तुझा बा देणार?" बमू म्हणाला.

ठकू गप्प बसली. तिथंच चुकली. वासरू वाढलं, वादी मानेत रुतली. आई येतच राहिली, आता रातभर कुंपणाशीच थांबायची. शेवटी बमू बाजाराला गेला असताना, धुक्याच्या सकाळी, ठकूनं कुंपण उघडलं. वादीची गाठ सुटेना. ती विळा आणायला वळली, तेवढ्यात वासरू आईकडं धावलं. घंटा वाजली. अशी धावत अंगावर येणारी घंटा आईनं कधी ऐकली नव्हती. आई बुजली, सगळा कळप सड्यावर उधळला. वासरू जितकं जवळ जाई, तितकी ती लांब पळे.

ठकूनं पोर शेजारणीच्या ओटीत टाकलं. "वादी कापून आलेच," म्हणाली, आणि विळा घेऊन धुक्यात शिरली. ती आली नाही. वासरूही पुन्हा कुणाला दिसलं नाही, असं सांगतात. पोर शेजारणीनं वाढवलं. आमचा सगळा वाडा त्याचाच वंश. तेव्हापासून वाड्यात कुणी जनावराच्या गळ्यात घंटा बांधली नाही.

आजही धुकं उतरलं की सड्यावर घंटा वाजते. वाटेत गवा मान वर करून थांबला, तर पळू नका, दगड मारू नका. तो तुमच्याकडं बघत नसतो. तुमच्या मागं वाजतंय का, ते ऐकत असतो.