म्हशींचा पाहुणचार

त्या राज्यात एकच नदी होती. ती तांबडी होती आणि फिरून फिरून स्वतःलाच येऊन मिळत असे. नदीत म्हशी बसलेल्या असत. त्या फार प्रेमळ होत्या. राज्याची अडचण हीच होती.

एकदा काठावरच्या गुडघेवाडीला आग लागली. तिथे टिटवीच्या बहिणीची अंडी होती. राजवैद्य कासवाने गालांत पाणी भरलेले शंभर बेडूक नदीत सोडायचे ठरवले.

टिटवी वाळूवर रेघोट्या मारत बसलेली असे. आजवरचा कोणता बेडूक किती ओशट होता, किती गुबगुबीत होता आणि म्हशीच्या पाठीला चिकटून राहिला की सुटला, हे सारे तिने तिथे मांडले होते. त्यावरून ती न निघालेल्या बेडकांचेही सांगत असे.

"हे फारच ओशट आहेत, पाठींना चिकटतील. शंभरात एखादा पोचेल."

"पाण्यात पडायच्या आधीच कळलं तुला?" कासव हसले. "आधी सोडायचे, मग मोजायचे. रीत आहे ती."

बेडूक निघाले. थोरली म्हैस सोनाआत्या हाका मारू लागली, "अरे, असा कसा जातोस? टेक जरा पाठीवर. कुणाचा रे तू?"

बेडूक टेकले ते टेकलेच. वाडीला एक पोचला. त्याने चूळ टाकली. आग फिस्स झाली आणि पुन्हा भडकली.

"मग हजार सोडू," कासव म्हणाले.

"आणि आत्याबाई शिंकल्या तर? सगळे एकदम सुटतील. वाडी बुडेल, अंडी वाहून जातील!"

"तोंड आवर! आत्याबाई आजवर शिंकलेल्या नाहीत."

टिटवीने नवे गणित मांडले: किती उद्धट बोलल्यास किती म्हशी वळतील? उत्तर पाहून तिने मनातली दोन वाक्ये गाळली. मग उडाली आणि सोनाआत्याच्या पाठीवर, बेडकांच्या लाडक्या जागी, त्यांना ढुशा मारत जाऊन बसली.

"आत्या, तुमच्या काळी कुणाला काही कळत नव्हतं, नाही का?"

अर्धा कळप तिला समजवायला धावला. "आमच्या काळी..." अशी सुरुवात सगळ्यांनी एकदमच केली. या गर्दीत मोजकेच बेडूक पाठींवरून घसरले, आणि कुणाच्याही लक्षात न येता प्रवाहाला लागले.

दूरचा धूर विरळ झाला. वाडीकडून नुकत्याच अंड्यांतून निघालेल्या पिलांची किलबिल ऐकू आली.

"बघ, आम्ही कधी कुणाला अडवतो का?" सोनाआत्या म्हणाली. "बरं, तुझ्या लग्नाचं काय ठरलं?"

टिटवीने पाय उचलून पाहिला. तो उचलेना. तिला नवल वाटले नाही. वाळूवर, चिकटलेल्या बेडकांच्या रांगेत सर्वांत शेवटी, तीन बोटांचे एक छोटे पाऊल तिने आधीच उमटवून ठेवले होते.