तिसऱ्या रोलरपाशी डबा

एकदा एक शिकाऊ फिटर होती, बिस्किटांच्या कारखान्यात. पहिल्या लाइनवर तिचा काय थाट! लाइन दिवसाआड बंद पडायची, आणि ही आली की सगळे "ताई आल्या, ताई आल्या" करत बाजूला व्हायचे. हिने काहीतरी ठोकलं, पट्टा फिरला, की टाळ्या, चहा, सगळं.

मग तिला दुसऱ्या लाइनवर म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांच्या हाताखाली पाठवलं. ती लाइन कधी बंदच पडायची नाही. त्यामुळे तिकडे कुणी फिरकायचंही नाही. काका रोज सकाळी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेका बेअरिंगला टेकवायचे, मूठ कानाला लावून ऐकायचे, ग्रीस द्यायचे. दुपारी दोघं कोपऱ्यात डबा खायचे. बस. महिनाभर तिला कुणी हाक मारली नाही हो!

एका सोमवारी तिच्या कानात बारीक खरखर आली. तिसरा रोलर. तिला लगेच कळलं, आपण बोललो नाही तर हा चार-पाच दिवसांत अडकणार. लाइन थांबणार. सगळे धावत येणार. आणि ती गप्प बसली! तपासणीच्या तक्त्यावर तिने 'ठीक' लिहिलं.

मंगळवारी काकांनी तोच रोलर ऐकला. तेही काही बोलले नाहीत. दुपारी मात्र डबा उचलून भट्टीच्या झळेत, त्या रोलरशेजारी जाऊन बसले. बुधवारीही तेच.

"काका, भाजून निघाल की! तिथे काय ठेवलंय?"

"आजारी आहे ना तो. उद्या सुट्टी, लाइन बंद, तेव्हा त्याचं बेअरिंग बदलू. तोवर कुणीतरी जवळ बसायला हवं." मग हळूच म्हणाले, "तुलाही ऐकू आलं होतं, पोरी."

तिची मान खाली गेली. "सगळे आले असते, काका."

"आले असते. मीही तरुणपणी एकदा असाच गप्प बसलो होतो. पट्टा अडकला, आणि माझ्याआधी शेजारचा माणूस सोडवायला धावला. त्याची दोन बोटं गेली. लाइन मी चालू केली, शाबासकी मला मिळाली." काकांनी डब्याचं झाकण लावलं. "काम नीट झालं की आपल्याकडे कुणी येत नाही. एकटं वाटतं. मला अजून वाटतं. पण म्हणून कुणाला धावत यावं लागेल असं नाही वागायचं."

गुरुवारी रिकाम्या कारखान्यात दोघांनी चाळीस मिनिटांत बेअरिंग बदललं. शुक्रवारी लाइन सुरू झाली. कुणी आलं नाही. तिने तक्त्यावरचं सोमवारचं 'ठीक' खोडलं, 'खरखर होती' असं लिहून खाली सही केली, आणि डबा घेऊन काकांच्या कोपऱ्यात गेली.

तुमच्याकडे महिनोन्‌महिने काही बंद पडत नसेल ना, तर ते कोण सांभाळतंय ते शोधा, आणि आज त्याच्याशेजारी बसून डबा उघडा.